टेलिफोनवरील ठकबाजी आणि आंबा बागायतदार

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता जेथे मिळतो, त्या हातखंब्याच्या परिसरातील कित्येक बागायतदार हापूसच्या पेट्या आता परस्पर गिऱ्हाइकास विकतात. त्यासाठी आपला टेलिफोन क्रमांक जाहीर करावा लागतो. ही पद्धत किफायतशीर आहे. परंतु तोच क्रमांक ठकाच्याही हाती पडतो.

ठकाची रीत बहुधा अशी असते. ऐन हंगामात फोन येतो. बोलणारा स्वतःस लष्करी अधिकारी म्हणवितो, सांगाल त्या भावाने दहा पेट्या मागतो आणि आगाऊ रकमेसाठी मोबाईलवर क्यूआर कोड पाठवितो. तो स्कॅन करून पिन दाबला म्हणजे पैसे जमा होतील, असे तो सांगतो. वास्तविक यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पिन दाबताच बागायतदाराच्याच खात्यातून रक्कम जाते. न पाहिलेला आंबा घासाघीस न करता घेणारे गिऱ्हाईक आपल्याकडे विरळाच; एवढ्यावरूनच संशय यावयास हवा.

कधी ५,००० ऐवजी ५०,००० रुपये चुकून पाठविले, उरलेले परत करा, अशी गयावया केली जाते व रक्कम जमा झाल्याचा बनावट संदेशही येतो. अशा वेळी संदेशावर न विसंबता खात्यातील शिल्लक पाहावी.

पीएम-किसान योजनेखाली २०१९ पासून पात्र शेतकऱ्यांस वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता अडला आहे असे भासवून ओटीपी विचारणे, किंवा योजनेच्या नावाची एपीके फाईल पाठविणे, हाही प्रकार चालतो. अशी फाईल बसविल्यास बँकेचे संदेश ठकास वाचता येतात. मुलगा मुंबईस आणि घरी वृद्ध आईवडील, अशा घरांत हे विशेषेकरून समजावून सांगावे.

फसवणूक ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेसही कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरविला जातो; तो काढून घेतला जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच वाटेत अडविता येतो. लाजेने दोन दिवस गप्प बसणे म्हणजे ठकास सवड देणेच होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तक्रारदारास रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक व ज्यावरून फोन आला तो क्रमांक कागदावर उतरवून द्यावा आणि मोबाईलमधील संदेश पुसू देऊ नयेत.