डाळिंबावरचा तेल्या

आमच्या शिरूर-दौंड भागात डाळिंबाच्या बागा आहेत. आंबे बहाराची फळे झाडावर असतात, तोच वळीव येतो. उष्ण, दमट हवेत तेल्या बळावतो.

आधी पानावर तेलकट डाग पडतो. मग फळावर डाग येतात, ते काळे पडतात आणि फळ तडकते.

हा रोग जीवाणूंचा. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाच्या थेंबांबरोबर ते उडतात. छाटणीच्या कात्रीबरोबर झाडाझाडांवर जातात. रोगट कलमांबरोबर नव्या बागेत येतात.

म्हणून आम्ही सांगतो :

1. रोगट फळे, फांद्या बांधावर टाकू नका, जाळा.
2. दर झाडामागे कात्री जंतुनाशकात बुडवा.
3. कलमे निरोगी बागेतलीच घ्या.
4. छाटणीनंतर बोर्डो मिश्रण फवारा. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद व 1 किलो कळीचा चुना. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला, आणखी घाला.

फळाला भोक दिसले, तर आत अळी असू शकते. तेही फळ तोडून नष्ट करा.

एकदा पडलेला डाग औषधाने जात नाही. शेजारच्या बागेत रोग राहिला, तर तो आपल्याही बागेत येतो. बांध दोघांचा; स्वच्छताही दोघांनी राखावी.