एचडीआर फोटो जपायला किती खर्च येतो?

वाड्याच्या माजघरातून उन्हातल्या चौकाचा फोटो काढला, की एक तर माजघर काळंकुट्ट येतं, नाही तर चौक पांढराफटक. दोन्ही नीट हवे असतील तर कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन किंवा पाच फोटो घेऊन ते जोडावे लागतात; हाच एचडीआर फोटो. फोटो देखणा होतो, पण डिस्क भराभर भरते. म्हणून हिशोब आधीच मांडा.

एका दृश्याला लागणारी जागा (24 मेगापिक्सेल कॅमेरा)
- पाच रॉ फाइल, लॉसलेस कॉम्प्रेशनसह : सुमारे 125 एमबी
- जोडलेला फोटो, 32 बिट टिफ, कॉम्प्रेशनशिवाय : 288 एमबी
- तोच 16 बिट ओपनईएक्सआरमध्ये, ‘पिझ’ कॉम्प्रेशनसह : साधारण 50 ते 80 एमबी
- लोकांना दाखवायची जेपेग : 10 एमबीच्या आसपास

ओपनईएक्सआर हा ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ने सिनेमासाठी तयार केलेला आणि 2003 मध्ये सर्वांसाठी मोफत खुला केलेला फॉरमॅट. त्याची 16 बिटची अचूकता कॅमेऱ्याच्या फोटोला पुरून उरते. ‘पिझ’मध्ये काहीही गमावलं जात नाही. ‘डीडब्ल्यूएए’ने फाइल आणखी लहान होते, पण थोडे बारकावे जातात, मूळ प्रतीला ते लावू नका.

रुपयांत किती?
टिफ न ठेवता एक दृश्य 215 एमबीत बसतं. हजार दृश्यांना 215 जीबी. समजा 2 टीबीची हार्ड डिस्क 7,000 रुपयांना मिळाली, तर जीबीमागे साडेतीन रुपये पडले. म्हणजे एका प्रतीचे सुमारे 750 रुपये, दोन प्रतींचे 1,500. टिफही ठेवली, तर दर प्रतीमागे आणखी हजार रुपये.

गूगलच्या मोफत 15 जीबीत अशी जेमतेम सत्तर दृश्यं मावतात. क्लाउडचं भाडं दर वर्षी भरावं लागतं, तेव्हा पाच वर्षांची बेरीज करूनच तुलना करा. निवडक कामासाठी मात्र क्लाउड घ्याच. घरात चोरी झाली, पाणी शिरलं, तरी ती प्रत वाचते.

मोबाइलवाल्यांसाठी
अँड्रॉइड 14 पासून आलेल्या ‘अल्ट्रा एचडीआर’मध्ये नेहमीच्या जेपेगच्या पोटातच जादा उजेडाचा नकाशा असतो. त्यामुळे जागा फार लागत नाही आणि जुन्या स्क्रीनवरही फोटो दिसतो. पण जुन्या अ‍ॅपमध्ये एडिट करून सेव्ह केलं, की हा नकाशा गळून पडू शकतो. तो टिकावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

काटकसर कुठे करावी?
हललेली, एकसारखी दृश्यं त्याच आठवड्यात काढून टाका. टिफ पुन्हा बनवता येते, ती उडवा. रॉ मात्र कधीही उडवू नका. फक्त 8 बिट जेपेग ठेवली, तर दर रंगाच्या 256 पायऱ्याच हाती राहतात. पुढे माजघर उजळायला गेलात, की भिंतीवर पट्टे उमटतात. आणि एकच महागडी डिस्क घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत दोन साध्या घ्या, दुसरी नातेवाइकांकडे ठेवा.