पाणी उथळ का भासते?

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी नितळ होते आणि तळाचे दगडगोटे काठावरून स्पष्ट दिसू लागतात. मात्र तळ जेथे दिसतो तेथे तो नसतो. तो त्याहून बराच खाली असतो. डोळ्यांनी बांधलेला हा अंदाज का चुकतो, याचे उत्तर लहरींच्या वक्रीभवनात सापडते. शालेय पाठ्यपुस्तकांत यालाच अपवर्तन असेही म्हटले जाते.

वेगातील फरक

निर्वात जागेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. हवेतही तो जवळजवळ तितकाच राहतो. पाण्यात मात्र तो सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. वेगातील हा बदल हेच वक्रीभवनाचे कारण होय.

पक्क्या रस्त्यावरील बैलगाडी तिरकस दिशेने चिखलात शिरू लागली, तर एक चाक आधी मंदावते. दुसरे पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते आणि गाडी मंदावलेल्या चाकाच्या बाजूस वळते. दोन्ही चाके एकाच वेळी शिरली, तर वेग कमी होतो. दिशा बदलत नाही. लहरींचेही असेच घडते. समुद्राच्या लाटा उथळ पाण्यात मंदावतात. म्हणूनच तिरकस येणाऱ्या लाटा किनाऱ्याजवळ त्याला समांतर होत जातात.

वळण्याचे प्रमाण सांगणारा नियम डच गणिती स्नेल याने १६२१ च्या सुमारास शोधला. कारणाविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. न्यूटनच्या कणसिद्धान्तानुसार प्रकाशाचा वेग पाण्यात वाढावयास हवा होता, तर हायगेन्सच्या तरंगसिद्धान्तानुसार तो घटावयास हवा होता. १८५० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने वेग घटतो हे प्रयोगाने दाखवून दिले.

एक चतुर्थांशाची फसगत

तळापासून निघालेले किरण पाण्याबाहेर पडताना बाहेरच्या बाजूस वळतात. डोळा मात्र ते सरळ आले असेच मानतो. त्यामुळे तळ वर उचलल्यासारखा दिसतो. अगदी वरून पाहिल्यास ४ मीटर खोल पाणी सुमारे ३ मीटरच भासते. तिरकस पाहिल्यास ते आणखी उथळ दिसते. २ मीटर खोलीचे तळे दीड मीटरचे वाटते. आपले डोके पाण्यावर राहील अशा समजुतीने उतरलेला प्रौढ मनुष्यही त्यात बुडू शकतो. मग मुलांची गोष्ट वेगळी सांगावयास नको.

शाळा आणि पंचायत

हा धडा शिकविण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. वाडग्याच्या तळाशी नाणे ठेवावे आणि ते कडेआड होईपर्यंत विद्यार्थ्याने मागे सरकावे. तो तेथेच उभा असता दुसऱ्याने वाडग्यात हळूहळू पाणी ओतावे. नाणे जागचे न हलता पुन्हा दिसू लागते. हाच नियम गावच्या विहिरीला लागू आहे, हे शिक्षकांनी त्याच वेळी सांगावे.

ग्रामपंचायतींनी सार्वजनिक विहिरी, तळी व पोहण्याच्या जागा येथे तळापासून मोजलेले आकडे रंगवलेली खूणपट्टी उभारावी. पट्टीचा पाण्याखालील भागही आखूड दिसतो. परंतु पाण्याच्या पातळीशी असलेला आकडा तेथील खरी खोली सांगतो. पाण्यात उतरण्यापूर्वी विश्वास ठेवावयाचा तो या आकड्यावर, दिसणाऱ्या तळावर नव्हे.