पहाटेच्या स्वारीचा बंदोबस्त

पुणे,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईचे पत्र परवा पोहोचले आणि त्यातील निम्मा मजकूर तुझ्या मोटरसायकलीने व्यापलेला पाहून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. नाशकाहून निफाडच्या कुंदेवाडीतील गहू संशोधन केंद्रापर्यंतची सुमारे ४० किलोमीटरची वाट तू ऐन थंडीत, उजाडण्यापूर्वी, एका स्वेटरच्या आणि तरुणपणाच्या भरवशावर काटतोस, पोहोचल्यावर पाव तास तुझ्या हातात लेखणी ठरत नाही, आणि कोणी काही सुचवू लागले तर ‘सवय होईल’ एवढे म्हणून तू विषय मिटवतोस, असे ती लिहिते. सवयीविषयीचा तुझा हा सिद्धान्त मला मान्य नाही. नोकरीच्या उमेदीच्या काळात मी पाटबंधारे खात्यातर्फे नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांवर फिरतीला असे. उत्तरेकडील हिमप्रदेशांतून येणारे पक्षी ज्या हवेला ऊबदार समजून तेथील जलाशयावर मुक्कामाला येतात, त्याच हवेत दुचाकीवर बसलेल्या कारकुनाची काय दशा होते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही.

प्रथम हे ध्यानात घे की, तुझे भांडण थंडीशी थोडे आणि वाऱ्याशी फार आहे. मनुष्य स्वस्थ उभा असला म्हणजे त्याच्या कातडीलगत हवेचा एक पातळ थर शरीराच्याच उष्णतेने कोमट होऊन राहतो, आणि हवा ही उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे तो थर एखाद्या वस्त्रासारखे काम करतो. वारा सुटला की हे फुकटचे वस्त्र क्षणोक्षणी ओरबाडले जाते आणि शरीराला ते पुनःपुन्हा नव्याने विणावे लागते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघा अमेरिकनांनी १९४१ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिक खंडावरील आपल्या तळावर पाण्याने भरलेले एक नळकांडे उघड्यावर टांगून, निरनिराळ्या वाऱ्यांत ते पाणी गोठण्यास किती वेळ लागतो याच्या नोंदी केल्या, आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींपासूनच वाऱ्याच्या गारठ्याची कोष्टके निघाली. आज प्रचारात असलेल्या कोष्टकाप्रमाणे हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस आणि वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती हवा उणे २ अंशांसारखी भासते. पहाटे झाडाचे पानही हलत नसेल. पण ताशी ६० चा वारा तू स्वतःच निर्माण करतोस आणि पाऊण तास त्याच्या तोंडी बसतोस.

याच कोष्टकात तुझ्या उपयोगाची आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वेग ६० वरून ४० वर आणला तरी त्या भासमान थंडीत जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. म्हणजे ‘हळू चालवतो, म्हणजे गारठा लागणार नाही’ ही समजूत फारशी खरी नाही; हळू अवश्य चालव, पण ते धुक्यासाठी आणि दहिवराने ओल्या झालेल्या रस्त्यासाठी. गारठ्यावर इलाज एकच, आणि तो म्हणजे वाऱ्याला अंगापर्यंत येऊच न देणे.

तुझ्या आईने विणलेला स्वेटर उत्तम आहे याविषयी मला शंका नाही. परंतु स्वेटर म्हणजे शेवटी भोकांचा समुदाय होय, आणि त्या भोकांत कोंडलेली हवा निश्चल राहील तोपर्यंतच त्याची मातब्बरी. त्यावर वारा अडवणारे आवरण नसेल तर त्याचा उपयोग घरात जितका, त्याच्या चौथाईही रस्त्यावर होत नाही. चामड्याचे जाकीट असल्यास प्रश्नच मिटला. नसल्यास पावसाळ्यातला रेनकोट ट्रंकेतून बाहेर काढ आणि स्वेटरवर चढव. लोक हसतील, त्यांना हसू दे. अंगालगत मात्र सुती गंजिफ्रॉक घालू नकोस, कारण सूत घाम शोषते आणि तो धरून ठेवते, आणि ओले वस्त्र कोरड्या वस्त्राच्या कित्येक पट वेगाने शरीराची उष्णता बाहेर नेते. तेथे पातळ लोकरीची किंवा हल्ली बाजारात मिळणारी थर्मलची बंडी असावी. हे तिन्ही थर एकमेकांवर सैल बसले पाहिजेत, कारण आवळून बसलेल्या कपड्यांत हवेला जागा उरत नाही. आणि एखाद्या दिवशी काहीच जवळ नसेल, तर कालच्या वर्तमानपत्राची चार पाने घडी करून स्वेटर आणि सदरा यांच्यामध्ये छातीवर सरकव. भल्या पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन शहराकडे येणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते, आणि फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतीत पर्वताचा घाट उतरताना नामांकित स्वारही छातीवर वर्तमानपत्र खोवीत आले आहेत. अग्रलेखाचा याहून निश्चित उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

आता हातांविषयी, कारण तुझ्या आईची मूळ तक्रार तीच आहे. बोटे गारठली म्हणजे मनुष्य जाड हातमोजे शोधू लागतो, आणि त्यात निदानाची चूक होते. शरीराचा कारभार असा आहे की, हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांची ऊब सुमारे ३७ अंशांवर राखणे हे त्याचे पहिले कर्तव्य. तेथे तूट येऊ लागली की हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करून तो सरहद्दीवरची रसद तोडतो. म्हणून छाती आणि पोट उघडे टाकून बोटांना कितीही गुंडाळले तरी ती थंडच राहतात, आणि मध्यभागाचा बंदोबस्त नीट झाला की साध्या हातमोज्यांतही ती बऱ्यापैकी ऊब धरतात. दुसरे असे की, बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते मनगट आणि कोपर यांच्या दरम्यान असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटे ओढतात. बाहीतून शिरलेला वारा जेव्हा हा भाग आखडवतो, तेव्हा बोटे मोज्यात सुरक्षित असूनही ब्रेकचा दांडा सावकाश ओढला जातो. ताशी ६० च्या वेगाने मोटरसायकल एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. गारठलेल्या हाताने अर्धा सेकंद जरी उशीर केला तरी पुढची उसाची ट्रॉली आठ मीटर जवळ आलेली असते, आणि त्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच अशी हमी कोणताही मामलेदार देणार नाही.

तेव्हा हातमोजे असे घे की, ज्यांचा गळा लांब असेल आणि बाहीवर चढून बसेल. एक माप मोठे घे. घट्ट मोजा बोटांतले उरलेसुरले रक्तही पिळून काढतो. आत लोकरीचे पातळ मोजे आणि वर चामड्याचे, अशी जोडी सर्वांत चांगली, मात्र ती घालून क्लच आणि ब्रेक नीट जाणवतात की नाही याची खातरजमा अंगणातच करावी. हँडलच्या दोन्ही मुठींवर बसवायच्या रेक्झिनच्या पिशव्या मिळतात. त्या दिसायला अगदीच गचाळ असतात, आणि माझ्या मते त्यांच्याइतकी कामाची वस्तू या साऱ्या सरंजामात दुसरी नाही. पायांचे फारसे लिहीत नाही: लोकरीचे पायमोजे, घोट्यावर येणारे बूट, आणि गुडघ्यांवर वारा अडवणारे काहीतरी, एवढे पुरे.

मानेचे मात्र लिहिले पाहिजे. मफलर गळ्याभोवती घेऊन त्याची टोके जाकिटाच्या आत खोचावी. ती मागे फडफडत सोडण्याची जी फॅशन तरुणांत आहे ती पाहिली की मला इझाडोरा डंकन या विख्यात नर्तिकेचा अंत आठवतो. १९२७ च्या सप्टेंबरात नीस शहरी उघड्या मोटारीतून जाताना तिच्या गळ्यातील लांब रेशमी उपरणे चाकात गुंतले आणि क्षणार्धात सर्व संपले. कानटोपीवरही भिस्त ठेवू नये. ती कान राखते, डोके राखीत नाही. हेल्मेटखाली पातळ टोपी घालण्यास माझी हरकत नाही, पण तिने हेल्मेटची जागा घेता कामा नये. अरबस्तानच्या मोहिमेमुळे गाजलेला लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलीच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शल्यवैद्याने पुढे मोटरसायकलीवरून फिरणाऱ्या लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास आरंभला आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. हेल्मेटचा जो आग्रह तुला जाचक वाटतो, त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे. काचेवर श्वासाची वाफ धरते हे खरे. त्यासाठी काच बोटभर उघडी ठेव, आतून साबणाचा पुसट हात फिरव, आणि मफलर नाकावर घेऊन उच्छ्वास वर काचेकडे ढकलू नकोस.

वेळेविषयी तू माझे ऐकशील की नाही, कोण जाणे. पण सर्वांत स्वस्त ऊब वेळेतच आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते आणि ती टाकणे सूर्य वर येईपर्यंत थांबत नाही, म्हणून दिवसाचे किमान तापमान मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असते. तुझ्याच केंद्रातील जो आकडा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतो, तो नेमका तू रस्त्यावर असतोस त्या घटकेचा. शिवाय थंड हवा जड असल्याने खोलगट जागी उतरून साचते. वाटेवरच्या चांदोरीजवळ गोदाकाठी येताच अंगावर एकाएकी काटा येतो त्याचे कारण हेच, आणि धुकेही प्रथम तेथेच धरते. द्राक्षवाल्यांना हे पक्के ठाऊक असते. पारा उतरला की ते त्याच वेळी बागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जागतात. द्राक्षाच्या मण्याला बाग सोडून जाता येत नाही. तुला तासभर उशिरा निघता येते. वरिष्ठांना रीतसर अर्ज करून या दोन महिन्यांपुरती हजेरीची वेळ पुढे घेता येते का, हे विचारून पाहा.

आणि आता सवयीकडे वळतो. थंडीची काही अंशी सवय होते, हे मी नाकारीत नाही. पण तू जिला सवय म्हणतोस ती बहुधा बधिरता आहे, आणि थंडीचा कावा असा की, जी जाणीव तुला वेळीच सावध करील तिलाच ती प्रथम वश करते. बोटे दुखतात तोवर ठीक आहे. दुखेनाशी झाली की थांबावे. हुडहुडी भरते तोवर शरीर लढत असते. ती भरूनही अंग तापेना, बोलताना जीभ अडखळू लागली, वळणावर क्लच की ब्रेक असा क्षणभर संभ्रम पडला, तर अंगातील उष्णता ३५ अंशांच्या खाली घसरू लागल्याचा तो इशारा समजावा आणि पुढच्या टपरीची वाट न पाहता जेथे शेकोटी दिसेल तेथे उतरावे. चांदोरीला पाच मिनिटे उतरून हात काखेत धरणे, चार येरझारा घालणे आणि गरम चहा घेणे हा मी तुझ्यासाठी शिरस्ताच ठरवून टाकतो, गरज वाटो अगर न वाटो. मद्याने ऊब येते असे कोणी मित्र सांगेल. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर उबदार वाटते, आणि आतली उष्णता झपाट्याने बाहेर पडते. कायद्याचे तर सोडूनच दे.

माझे जुने चामडी हातमोजे तुझ्या मावशीबरोबर येत्या रविवारी पाठवीत आहे. उजव्या अंगठ्याची शिवण उसवली आहे, ती रविवार कारंजाजवळच्या एखाद्या चांभाराकडून नीट घालून घे, आणि ते सैल आहेत अशी तक्रार करू नकोस. रेक्झिनच्या पिशव्यांचे पैसे मी मनिऑर्डरने पाठवतो. पावती तुझ्या आईकडे द्यावी, म्हणजे त्या घेतल्या गेल्याची तिचीही खात्री पटेल.

कळावे,

तुझा,
नानामामा