मर्सिडीज भाड्याने द्यायची? आधी मुहूर्त मोजा, मग मायलेज

व्हिडिओत आपण हिशेब भरभर केला होता, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही घ्या.

नाशिकच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, सेकंडहँड ई २२० डी घेतोय, लग्नाला भाड्याने द्यायला. अ‍ॅव्हरेज किती देईल?" प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला प्रश्न हा नव्हे.

अ‍ॅव्हरेजचं आधी उरकू. एआरएआयचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. वरातीत गाडी ताशी दोन किलोमीटरने सरकते, आत नवरदेवाला एसी हवाच! म्हणून १५-१६ विसरा, १२ धरा. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. एका लग्नाला १०० किलोमीटर म्हणजे ७५० रुपये. शिवाय गाडी तीनेक तास उभ्या-उभ्या चालू, तासाला लिटरभर धरा, म्हणजे आणखी २७०. टायर घासतात त्याचे २००. झाले १,२२०. भाडं ९,००० मिळालं तर हातात ७,७८०. इथवर सगळे खूश असतात.

आता जो खर्च पंपावर दिसत नाही तो बघा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या शहरातले कोटेशन घालून बघा. गाडी २५ लाखांना घेतली, तीन वर्षांनी १६ लाखांना विकली, तर वर्षाला तीन लाखांची घसारा. कर्ज काढलं असेल तर व्याज वेगळं, ते मी धरलेलंच नाही. विमा, सर्व्हिसिंग, अ‍ॅडब्लू, आणि अचानक निघणाऱ्या कामाची तरतूद मिळून २ लाख १० हजार. ड्रायव्हर महिना २० हजार, म्हणजे २ लाख ४० हजार. एकूण साडेसात लाख. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी यातला बहुतेक खर्च चालूच राहतो.

साडेसात लाख भागिले ७,७८०. वर्षाला ९७ बुकिंग, आणि तेव्हा कुठे नफा-तोटा शून्य. तुमचा पगार अजून निघालेलाच नाही.

आता मजा बघा. गाडीने १२ ऐवजी १५ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर लग्नामागे १५० रुपये वाचतात. बुकिंग लागतील ९५. म्हणजे ज्या अ‍ॅव्हरेजसाठी आपण रात्रभर व्हिडिओ बघतो, त्याने वर्षाची फक्त दोन लग्नं वाचली!

खरी अडचण पंचांगात आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त जवळजवळ नाहीतच. पौषातही अनेक घरं थांबतात. उरलेल्या सातआठ महिन्यांत ९७ बसवायची, म्हणजे महिन्याला बारा-चौदा. आणि चांगल्या मुहूर्ताला एकाच दिवशी चार फोन येतात, गाडी एकच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पांढऱ्या पाटीवर भाडं मारू नका. परमिट नसताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते, आणि अशा गाडीचा एक दरवाजासुद्धा छोट्या धंद्याला झेपत नाही. आयकरात भाड्याच्या धंद्यातल्या गाडीला घसारा ३० टक्के मिळतो, साध्या गाडीला १५. सीएशी बोला.

त्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, आधी एक हंगाम दुसऱ्याची गाडी कमिशनवर लाव. दहा टक्के धरले तरी बुकिंगमागे ९०० रुपये, गुंतवणूक एक मोबाइल. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या दोन महिन्यांत त्याला नऊ बुकिंग मिळाली. गाडी त्याने अजून घेतलेली नाही.