फूटबोर्ड लावण्याआधी ब्रेक बघा

क्रूझरचे फॉरवर्ड कंट्रोल काढून फूटबोर्ड बसवायचे म्हटलं की बोलणं आरामापाशीच थांबतं. आराम मिळतो, यात शंका नाही. फॉरवर्ड कंट्रोलवर पाय पुढे ताणलेले असले की त्यांच्यावर भार घेता येत नाही. खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला बसतो आणि हायवेवर वारा छातीवर आला की हँडल धरून खांदे भरून येतात. फूटबोर्डवर गुडघा थोडा वाकतो, पाऊल पुढेमागे सरकवता येतं, रबरामुळे इंजिनाची थरथर कमी जाणवते. तरीही अनुभवाने माझं मत ठाम झालं आहे: हे काम म्हणजे गाडीचा मागचा ब्रेक आणि गियर नव्याने जुळवणं आहे. शोभेची वस्तू लावावी तसं ते उरकू नये.

"हार्ले-डेव्हिडसन कंपनी स्वतःच सॉफ्टेल गाड्यांमध्ये ब्रेकआउटला फॉरवर्ड कंट्रोल आणि हेरिटेज क्लासिकला फूटबोर्ड देते, मग धोका कसला?" असं विचारलं जातं. धोका बोर्डात नाही, अर्धवट जुळणीत आहे. कंपनी बोर्ड, पेडल आणि दांडी एकमेकांना जुळवून देते. सुटे भाग आणून जोडताना ती जबाबदारी आपल्यावर येते. ब्रेकची दांडी थोडी जरी जास्त ताणली गेली, तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही. मग गरम होऊन फुगलेल्या ब्रेक ऑइलला टाकीकडे परतायला वाट उरत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात, आणखी उष्णता वाढते आणि शेवटी चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं. म्हणून पेडलला सुरुवातीला किंचित मोकळी चाल ठेवा, लॉकनट घट्ट करा, छोटी फेरी मारून या आणि मागचं चाक उचलून हाताने फिरवून बघा. पेडलची उंचीही अशी हवी की टाच बोर्डवर टेकलेली ठेवून पंजा ब्रेकवर जाईल. अख्खा पाय उचलावा लागला, तर ऐन वेळी ब्रेक उशिरा लागेल.

गियरचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांवर पंजाने दाबलं की गियर चढतो. हार्लेच्या टाच-पंजा लिव्हरवर टाचेने दाबलं की चढतो आणि पंजाने दाबलं की उतरतो. दोन्ही गाड्या चालवणाऱ्याने रिकाम्या रस्त्यावर सराव केल्याशिवाय गर्दीत शिरू नये. टाचेचा लिव्हर पावलाला अडत असेल, तर तो काढून नुसत्या पंजाने गियर टाकता येतात.

खरा वजनदार आक्षेप घाटातल्या वळणांचा आहे. बोर्ड रुंद असतो, खालीही असतो, त्यामुळे गाडी कलली की तो लवकर घासतो. बिजागरीमुळे तो वर दुमडतो, म्हणून काहींना काळजी वाटत नाही. पण त्यामागचा ब्रॅकेट दुमडत नाही आणि तो रस्त्याला टेकला तर चाकाची पकड सुटू शकते. घासल्याचा आवाज हा वेग कमी करण्याचा इशारा समजावा. ज्याला घाटात गाडी कलवण्यातच आनंद आहे, त्याने हा बदल करू नये. ज्याला फक्त हँडल लांब पडतं, त्याने आधी सीट किंवा हँडल बदलून बघावं. बाकीच्यांनी फूटबोर्ड जरूर लावावेत, मात्र आपल्याच मॉडेलचा पूर्ण संच घ्यावा आणि मागचा ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.