कामाच्या वाटणीविषयी

चि. भाचीस,

चौक गावाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका म्हणून तू रुजू झालीस, हे वाचून समाधान वाटले. मात्र हाताखालच्या माणसांना शिस्त कशी लावावी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तुझ्यापाशी अधिकार किती आहेत, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. नेमणूक शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते, बदली संगणक करतो, वेतन शालार्थ प्रणालीतून निघते, संचमान्यतेत पद राहणार की जाणार हे पटावर ठरते आणि शिस्तभंगाचे कागद अलिबागला जिल्हा परिषदेच्या दप्तरात फिरतात. तुझ्या हाती खरोखर उरते ती कामाची वाटणी, आणि शाळेचे पुष्कळसे बरेवाईट, माझ्या मते, तिच्यावरच अवलंबून असते.

ही वाटणी बहुधा विचाराने नव्हे, सवयीने होते. जो नवा आणि निमूट, त्याच्याच गळ्यात मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती आणि वर पहिलीचा वर्ग पडतो. नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला मासिक १६,००० रुपयांच्या मानधनावर ३ वर्षे काढून कायम व्हायचे असते, म्हणून तो नाही म्हणत नाही. त्या अगतिकतेला उत्साह समजू नकोस.

शेजारच्या एखाद्या वाडीवरची द्विशिक्षकी शाळा पाहून ये. एक गुरुजी खालापूरला सभेस गेलेले. दुसऱ्या बाई एकाच खोलीत चौथीला फळ्यावर भागाकार देतात, पहिलीला फरशीवर खडूने अक्षरे गिरवायला बसवतात, तिसरी मोठ्याने कविता म्हणू लागते, आणि तेवढ्यात ‘आजच्या आज माहिती पाठवा’ म्हणून फोन वाजतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच. त्यांतला एक गेला म्हणजे निम्मी शाळा गेली. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली आहे; तिला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढ्यांचाच अपवाद आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तसा प्रसंग ओढवला तर शिक्षकाने धावून जावे, यात दुमत नाही. परंतु रोजच्या तक्त्यांसाठी वर्ग उघडा पडू देऊ नकोस. ते तक्ते शाळा सुटल्यावर भरावेत, आणि पहिला तू भरावास.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि मुले पटावर राहून वर्गातून नाहीशी होतात. त्यांच्या आईबापांची समजूत घालायला वाडीवर जाणाऱ्या शिक्षकाच्या श्रमांना कोणत्याच तक्त्यात रकाना नाही. तू ते काम त्याच्या नावावर लेखी मांड आणि त्या मोबदल्यात त्याचे दुसरे एखादे ओझे काढून घे.

उशिरा येणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. पनवेल-कर्जत मार्गावर गाड्या मोजक्या, आणि मुख्यालयी राहण्याची अट कशी पाळली जाते ते तू जाणतेस. प्रथम एकांतात विचार, नित्याचेच झाले तर हजेरीपटावर शेरा मार. चारचौघांत मात्र कोणाचा पाणउतारा करू नकोस. आणि शिक्षकांच्या सभेला स्वयंपाकी बाईंनाही बोलाव; कोणते मूल उपाशी येते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

जूनपूर्वी वाटणीचा तक्ता सर्वांसमक्ष तयार करून कार्यालयाच्या भिंतीवर लाव, आणि त्याची एक नक्कल मला पाठव. सर्वांत जड काम कोणाच्या नावासमोर आहे, ते मी आधी पाहणार आहे.

तुझा,
मामा